जो समोर नाही, त्याच्यावर जोक नाही

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. सोमवारच्या मीटिंगमध्ये तू सुट्टीवर असलेल्या टेस्टरची नक्कल केलीस, सगळे पोट धरून हसले, आणि तेव्हापासून लंचला तुझ्याशी सगळे नुसतं हवापाण्याचं बोलतात. आता विचारतोयस, काका, ऑफिसात हसवणं बंदच करू का.

बंद कशाला? इंदूरचा आहेस तू, भिया, म्हणजे भाऊ, म्हणून दोन गोष्टी केल्याशिवाय इथे पोहेवाला पोह्यांवर जिरावन मसाला पण टाकत नाही. माझं म्हणणं एवढंच, जो समोर नाही त्याच्यावर जोक नाही. कधीच नाही.

ते हसले ते खरंच हसले, नक्कल तुला येतेच. पण हसता हसता प्रत्येकाने मनात हिशोब केला की आपण सुट्टीवर गेलो की आपला नंबर. हे कोणी बोलून दाखवत नाही रे, फक्त तुझ्यापुढे स्वतःच्या चुका सांगायचं बंद करतात, आणि चुका कळल्या नाहीत तर टीमचं काम कसं चालणार?

मी पीथमपूरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात होतो, इंदूरहून स्टाफ बस असायची. मागच्या सीटवर रोज मैफल, आणि जो बसमध्ये नाही त्याची रोज टिंगल. मी हसायचो नाही. खडूस म्हणाले, मास्तर म्हणाले, चहाला बोलवेनासे झाले, त्यातले दोघं फार जवळचे होते आणि ते तुटले याचं मला आजही वाईट वाटतं. पण एका रात्रपाळीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर डायचे, म्हणजे साच्याचे, बोल्ट ढिले राहिले, तर ज्याच्या हातून राहिले तो ऑपरेटर स्वतःहून माझ्याकडे आला, प्रेस सुरू व्हायच्या आधी आला, कारण उद्या बसमध्ये त्याचा किस्सा होणार नाही याची त्याला खात्री होती. प्रेसमध्ये हात असतात माणसांचे. म्हणून मला कोणी हट्टी म्हटलं तर म्हणू देत, मी परत तसाच वागेन.

आणि नेटवरून जोक पाठ करतोयस असं लिहिलंस, ते आधी सोड, ते वाचून तर मला रागच आला. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, फुटपाथवर लोकांचं हसणं टिपून ठेवलं होतं, साधारण १२०० वेळचं, तर त्यात जोकसारखं काही ऐकून हसलेले २० टक्केसुद्धा नव्हते. बाकीचे "चला, भेटू मग" असल्या साध्या वाक्यांवर हसत होते. लोक एकमेकांच्या सोबतीने हसतात, त्यासाठी पाठांतर लागत नाही. आपल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गेरमध्ये बघ, राजवाड्यापाशी रंग उडवणारा पण भिजलेलाच असतो. तू कोणाला काही बोललास तर त्याला तुला दोन शब्द सुनावता आले पाहिजेत, आणि सुट्टीवरचा माणूस कुठून सुनावणार?

तू म्हणशील, बॉसवर तर सगळेच करतात. करू देत, तू नाही करायचं. बॉससमोर करायची हिंमत असेल तर खुशाल कर, नाहीतर गप्प बस. हसायला विषय कमी आहेत का, सर्व्हर आहे, एसी आहे, सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर पाऊस आला की गाडीचे होणारे हाल आहेत. आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर आधी तू हसायला शिक, तू फार लवकर आपलं घुसवतोस, घरी पण बघितलंय मी.

तो टेस्टर परत आला की त्याला बाजूला घे आणि नक्कल केल्याचं स्वतः सांग. बाकीच्यांकडून कळायच्या आत. मेसेजवर नाही, समोर बसून. तो चिडेल, चिडू दे, मधे बोलू नकोस. पुढच्या वेळी कोणी दुसऱ्याची सुरू केली तर भाषण देऊ नकोस, नुसतं म्हण, तो आल्यावर करू. मग शनिवारी घरी ये, तो काय म्हणाला ते मला ऐकायचंय.

तुझा काका