पित्तनळीतला धातूचा स्टेंट : कोणाचा काढायचा, कोणाचा ठेवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पत्र कुठूनही येवो, गोंधळ तोच. पित्तनळी म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी, आणि स्टेंट म्हणजे ती अडली की उघडी ठेवायला आत बसवतात ती बारीक पोकळ नळी किंवा जाळी. पण स्टेंट म्हटला की सगळे एकच समजतात. तो प्लास्टिकचा की धातूचा, धातूचा असेल तर आवरणाचा की उघड्या जाळीचा, कॅन्सरसाठी घातला की साध्या अडथळ्यासाठी, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. सांगितलेलं असलं तरी घरी पोचेपर्यंत विसरलेलं असतं. मग शेजारी सांगेल ते खरं. म्हणून आज सगळे प्रश्न एकत्र घेतो.

आमच्या अण्णांच्या हृदयात स्टेंट आहे, तो कधी काढावा लागला नाही. मग आईच्या पित्तनळीतला का काढायचा? (हिंडलगा)

हृदयातला स्टेंट रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरावा म्हणूनच घालतात. पित्तनळीतून पित्त वाहतं, त्यात गाळ साठतो, जंतू वाढतात. आईची आकसलेली नळी रुंद झाली की त्या स्टेंटचं काम संपलं. नाव एक म्हणून दोन्ही एका मापाने मोजू नका.

माझा स्टेंट धातूचा आहे एवढंच माहीत आहे. तो काढता येण्यातला आहे की कायमचा? (येळ्ळूर)

डिस्चार्ज कार्ड बघा. पूर्ण आवरणाचा, म्हणजे ‘फुल्ली कव्हर्ड’ लिहिलं असेल तर तो काढण्यासाठीच बनवलेला असतो. नायटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटेनियमच्या तारेची जाळी, साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर सिलिकॉनसारखं पातळ आवरण. आवरणामुळे पेशी जाळीत शिरत नाहीत. ‘अनकव्हर्ड’ लिहिलं असेल तर जाळी उघडी. बांधावरच्या झाडाला ठोकलेली काटेरी तार काही वर्षांनी खोडात जाते, तसं आतलं मांस त्या जाळीतून वाढतं आणि मग ती सहसा ओढून काढता येत नाही. अर्धवट आवरणाचाही एक प्रकार असतो, त्याची उघडी टोकं रुततात.

कार्डावर नुसतं ‘मेटल स्टेंट’ लिहिलं असेल तर हॉस्पिटलकडून स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर मागा. त्यावर प्रकार, लांबी, रुंदी, सगळं असतं. ते फाईलला लावून देणं हे हॉस्पिटलचं काम आहे, उपकार नव्हे. बिलात कुठला स्टेंट धरला आणि आत कुठला गेला, याचाही मेळ तिथेच लागतो. ‘इम्पोर्टेड आहे, आयुष्यभर बघायला नको’ असं कुणी सांगितलं असेल, तर ते त्याच कार्डावर लिहून मागा. बहुतेक लिहून मिळणार नाही.

काढताना पोट फाडतात का? (नंदगड)

नाही. तोंडातून दुर्बीण घालून, गुंगीच्या औषधाखाली काढतात.

मिस्टरांना स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेमुळे कावीळ झाली होती. धातूचा कव्हर्ड स्टेंट घातला. दहा महिन्यांनी काढायला बोलावलं होतं, आता दीड वर्ष होत आलं. काहीच त्रास नाही. आधी ऊस तोडणीला आला होता, मग घरात लग्न निघालं. त्रास नाही तर राहू दे, असं सगळे म्हणतात. (हुक्केरी)

ताई, हे ‘सगळे’ कोण, ते मला एकदा बघायचंच आहे. दर हंगामाला मला हेच ऐकायला मिळतं. आधी ऊस कारखान्याला जायचा असतो, मग पाडवा, मग पेरणी, आणि पेशंट येतो तो थेट अ‍ॅम्ब्युलन्समधून.

त्रास नाही, कारण स्टेंट अजून त्याचं काम करतो आहे. नळी बरी झाली की नाही, हे त्यावरून कळत नाही. कव्हर्ड स्टेंट साध्या आजारात साधारण ६ ते १२ महिने ठेवतात, आजाराप्रमाणे कमी-जास्त. प्लास्टिकचा तर साधारण ३ महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. या मुदती हवेतून आलेल्या नाहीत. दिवस जातात तसा स्टेंटच्या आत जंतूंचा थर बसतो, त्यावर गाळ, गाळाचे खडे. एक दिवस तोंड बुजतं, पित्त तुंबतं, तेच जंतू रक्तात शिरतात आणि आधी मजेत असलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर काही तासांत कोसळू शकतं. दुसरं, पित्तात भिजून आवरण झिजतं, फाटतं. ते फाटलं की आवरणाचा आणि उघड्या जाळीचा फरक उरत नाही, पेशी आत शिरतात. टोकांवरही मांस चढतं. तिसरं, स्टेंट सरकतो. खाली आतड्यात आला तर निदान सापडतो. वर यकृताकडे गेला तर त्याला पकडायचं टोकच हाताशी राहत नाही.

वेळेवर आलेल्या पेशंटचं काम किती सोपं असतं, तेही सांगतो. बाजूने बघणारी दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीला नेली की पित्तनळीच्या तोंडातून स्टेंटचं टोक बाहेर डोकावताना दिसतं. त्याला तारेचा फास टाकायचा किंवा चिमट्याने धरायचं आणि सावकाश ओढायचं. ओढ बसली की जाळी लांबते, बारीक होते आणि सुटते. मग नळीत डाय सोडून एक्स-रेवर बघायचं, गाळ असेल तर फुग्याने झाडून घ्यायचा. काढायला पुष्कळदा काही मिनिटंच लागतात. हेच काम मुदत उलटल्यावर तासाचं होतं, रक्तस्राव आणि नळी फाटण्याची भीती वाढते, आणि खर्चही.

तेव्हा या आठवड्यात ज्यांनी स्टेंट घातला त्यांच्याकडे जा. ते शहर सोडून गेले असतील तर नेहमी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीचं काम, करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे. स्टेंट आपोआप पडून गेला असेल, असंही समजू नका. एका साध्या एक्स-रेत कळतं. आणि मिस्टरांची दारू किंवा तंबाखू चालू असेल तर ती आजच थांबवायची, नाहीतर सूज जाणार नाही आणि नळी परत आवळेल.

भावाचा स्टेंट काढायला गेलो. डॉक्टर म्हणाले चिकटलाय, आतून दुसरा घालतो, दोन आठवड्यांनी दोन्ही काढू. एक काढायला गेलो, तर उलट आणखी एक घातला! हा बिल वाढवायचा धंदा नाही का? (निपाणी)

धंदेवाईकपणा मी पाहिलेला आहे, पण हा तो नव्हे. रुतलेल्या स्टेंटच्या आत तेवढ्याच किंवा थोड्या जास्त रुंदीचा कव्हर्ड स्टेंट घातला की त्याच्या दाबाने जाळीत शिरलेलं मांस मरतं. साधारण दोन आठवड्यांत जुना मोकळा होतो आणि दोन्ही निघतात. जोर लावून ओढला असता तर नळी फाटली असती. डॉक्टर थांबले, हे बरं केलं. दिलेल्या तारखेला मात्र चुकू नका, नाहीतर दोन स्टेंट रुतवून बसाल.

वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. स्टेंटनंतर कावीळ उतरली होती, आता पुन्हा डोळे पिवळे. जुना काढून नवा घालायचा का? तोवर गावात चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवतात, ते करून बघू का? (बेळगुंदी)

कॅन्सरमध्ये बहुधा उघड्या जाळीचा स्टेंट असतो आणि तो काढायच्या भानगडीत पडत नाहीत. बुजला तर त्याच्याच आतून दुसरा घालून वाट मोकळी करतात. वडिलांची तब्येत किती सोसेल, त्यांना स्वतःला काय हवंय, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवा, पण लवकर. ताप असेल तर आजच.

चुन्याच्या पाण्याचं म्हणाल, तर हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळतात. त्याची चुन्याशी गाठ पडली की पाणी पिवळं होतं. ठणठणीत माणसाचे हात बुडवले तरी होईल. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, त्यावर या मंडळींचं नाव झालं. बुजलेल्या नळीला ते पाणी काय करणार? त्यात गेलेले दिवस वडिलांचे जातात.

स्टेंट असताना एमआरआय चालतो का? (वडगाव)

नायटिनॉलच्या स्टेंटवर सहसा चालतो. सेंटरला आधी सांगा, स्टिकर दाखवा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. काढण्याआधी बंद करू? (खानापूर)

स्वतःहून मुळीच नाही. नुसता स्टेंट काढायला पुष्कळदा बंद करावीही लागत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

स्टेंट बेळगावात कार्डावर बसवला. कोल्हापुरात काढला तर योजनेत बसेल का? (उचगाव)

कर्नाटकचं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड वेगळं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ साली जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी. आपलं गाव, आपलं कार्ड आणि ही प्रक्रिया बसते का, हे ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी विचारा, मग गाडी धरा. जुनी फाईल आणि ईआरसीपीचा रिपोर्ट बरोबर हवाच. फाईल मिळत नाही म्हणून तारीख मात्र पुढे ढकलू नका.

स्टेंट असताना कुंदा खाल्ला तर चालेल? (शहापूर)

शुगर नसेल तर खा. वाटीभर, डबाभर नव्हे.

काल बाबांचा स्टेंट काढला. रात्री हुडहुडी भरून ताप आला, गोळी दिली, उतरला. सोमवारी दाखवलं तर चालेल ना? (चिकोडी)

नाही. आणि हा प्रश्न लिहून पाठवायचा नव्हता, त्याच रात्री हॉस्पिटलला फोन करून विचारायचा होता. थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळी, पोटात पाठीकडे जाणारी कळ, काळी शौच, रक्ताची उलटी, यातलं एकही दिसलं तर रविवार असो की मध्यरात्र, निघायचं. गोळीने ताप उतरतो, नळीतला जंतुसंसर्ग तसाच राहतो. जिथे स्टेंट काढला तिथेच जा. ते लांब असेल तर जवळच्या, इमर्जन्सी चालू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात, आणि स्टेंट काढणाऱ्या डॉक्टरांना वाटेतूनच फोन लावा. बाबांना तोंडाने काही देऊ नका, पुन्हा दुर्बीण घालायची वेळ येऊ शकते.