वाचक विचारतात : ईलचा चिकटा, रक्त आणि शेती

प्रश्न : विजेचा ईल, काटेरी ईल आणि मोरे एकाच गणातले का?

नाही. ईल म्हणजे सापासारखा लांबट मासा, पण तसे दिसणारे सगळेच खरे ईल नव्हेत. मोरे, काँगर आणि गोड्या पाण्यात वाढणारा अँग्विला हे खरे ईल. त्यांना पोटावरचे पर नसतात. काटेरी ईल वेगळ्या गणातला, आणि विजेचा ईल तर मांगूर माशाला जवळचा.

प्रश्न : साफ करताना मासा निसटतो. चिकटा कसा काढावा? रक्त विषारी असतं का?

असतं. रक्तातलं एक प्रथिन विषारी आहे. डोळ्यात उडालं तर आग होते, सूज येते. नीट शिजवल्यावर ते निकामी होतं. म्हणून ईल कच्चा खाऊ नका, आणि हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

किलोभर माशाला मूठभर जाडं मीठ चोळून पुसून घ्या. मग ७०-८० अंशांचं पाणी काही सेकंदच ओता. चिकटा पांढरा होऊन साकळतो; सुरीच्या पाठीने खरवडा. उकळतं पाणी ओतलं तर कातडी फाटते. पोट चिरताना गुदद्वारापाशी थांबू नका, शेपटीकडे आणखी दोन-तीन सेंटीमीटर जा. मूत्रपिंड तिथपर्यंत पसरलेलं असतं. ते राहिलं तर रक्ताची गुठळी राहते आणि चव उग्र होते.

भाजायचा असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं वाफवा. थेट आचेवर चरबी ठिबकून भडका उडतो, बाहेरून करपतो.

प्रवाळाजवळचा मोठा मोरे मात्र टाळाच. त्यात साठणारं सिग्वाटेरा विष शिजवूनही जात नाही.

प्रश्न : शेतीतला ईल घेतला तर निसर्गावरचा ताण कमी होईल ना?

दुर्दैवाने नाही. तळ्यात वाढवायची काचेसारखी पारदर्शक पिल्लं जवळजवळ सगळी नदीमुखाशी पकडलेली असतात. ईलची पैदास प्रयोगशाळेत साधली आहे, पण ती फार खर्चिक आहे. युरोपीय ईल अटलांटिक महासागरातल्या सारगॅसो समुद्रात एकदाच अंडी घालून मरतो. २००८पासून तो अतिधोक्यातल्या जातींत आहे. तेव्हा विकत घेताना जात विचारा, आणि ही जात असेल तर सोडून द्या.

ईल कमी होण्याला धरणंही जबाबदार. ओलसर, खडबडीत उतार दिला तर पिल्लं वर चढतात. पण समुद्राकडे परतणारी मोठी मादी टर्बाइनमध्ये कापली जाते. त्यासाठी तोंडाशी बारीक जाळी आणि बाजूने वेगळी वाट, दोन्ही लागतात.