भांडता येईल इतकी भाषा

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. जर्मन, कोरियन, स्पॅनिश की फ्रेंच, असं विचारलंस आणि खाली लिहिलंस, ‘मराठी-गुजराती तर येतातच, ती काय धरायची!’ ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’मधल्या (२००९) त्या अधिकाऱ्यानं तुला वेड लावलंय. ती भूमिका करणारा क्रिस्टोफ वॉल्ट्झ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन चारही सफाईनं बोलतो, खरंय. पण त्याच चित्रपटातला गुत्त्यातला प्रसंग पुन्हा बघ. ब्रिटिश हेर जर्मन गणवेशात बसलाय. उच्चारांवर शंका येते तेव्हा डोंगरातल्या गावचा आहे सांगून वेळ मारून नेतो. मग तीन ग्लास मागताना तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वर करतो. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. तिथंच तो सापडला. व्याकरण पक्कं होतं गं त्याचं! मोजणं मात्र घरचंच राहिलं होतं.

म्हणून सांगते, ज्या भाषेत हिशेब करता येत नाही आणि भांडता येत नाही, ती येते म्हणू नकोस.

आपल्या बडोद्याचीच गोष्ट घे. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली इथं गायनशाळा काढली, तीच आज युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. त्यांचे नातू इनायत खान, आणि इनायत खानांची मुलगी नूर, जिची भूमिका ‘ए कॉल टू स्पाय’ चित्रपटात राधिका आपटेनं केली. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी नूरला वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलं. थोड्याच दिवसांत तिचे साथीदार धडाधड पकडले गेले. परत ये म्हटलं तरी ती आली नाही, ऑक्टोबरपर्यंत जागा बदलत संदेश पाठवत राहिली. तिचं फ्रेंच कोर्समधलं नव्हतं. पॅरिसजवळ ती लहानाची मोठी झाली, रुसणं-फुगणं सगळं त्याच भाषेत झालं असणार. ती सापडली ती फितुरीमुळे. १९४४ च्या सप्टेंबरात डाखाऊला तिला मारलं.

फायदे विचारतेस. हैदराबादला ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला होता, २०१३ साली छापून आला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला होता, निरक्षरांनासुद्धा. हे बाबांना सांगायला ठीक आहे. तू त्यासाठी शिकू नकोस.

मी छोटा उदेपूरला बँकेत होते तेव्हाचं सांगते. एक राठवा आदिवासी बाई पैसे काढायला आली. अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, एक नोट कमी आहे. काउंटरवरचा माणूस तेच तेच गुजराती आणखी मोठ्या आवाजात बोलायला लागला. मी उठले, तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिच्या राठवीत एकेक नोट मोजली. नोट खरंच कमी होती. त्यानंतर ती माझ्याशी व्याजावरून भांडायला लागली, आणि मला वाटलं, आता आली ही भाषा! बडोद्याची बदली आली तेव्हा मी नाही म्हटलं. प्रमोशन गेलं. घरचे अजून ऐकवतात, आणि मी अजून सांगते, त्या शाखेत मी होते म्हणून कितीतरी बायकांनी सह्या करण्याआधी प्रश्न विचारले. हे कुठल्या प्रमोशननं झालं असतं?

फ्रेंच मात्र माझं अर्धवट राहिलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, संध्याकाळचे वर्ग सुटले. ती वही अजून उघडवत नाही. तुला तसली अडचण नाही, आणि तू चार भाषांची ॲपं भरून ठेवतेस! राग येतो मला.

तर जर्मन घे. एकच. युनिव्हर्सिटीत शिकवतात, फॉर्म भर, आणि दोन वर्षं पुढच्या भाषेचं नाव काढू नकोस. अंगठ्यापासून मोजायची सवय आजपासून लाव. आणि गुजराती येते म्हणतेस ना? रविवारी सकाळी ये, खंडेराव मार्केटला जाऊ. भाव तू करायचा, हिशेबही तूच, हिंदीत घसरायचं नाही. भाजीवाली चिडली तरी मी मधे पडणार नाही.

तुझी,
मावशी