गुन्हेगारीचा अभ्यास इतिहास आणि सामाजिक धोरणाच्या अंगाने करता येतो का?

गुन्हेगारी हा पोलिसांचा आणि वकिलांचा विषय असताना समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात इतिहास कशाला धुंडाळावा, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात इतिहास शिकवतो. माझे सांगणे असे की, अमुक माणसाने गुन्हा का केला, हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ते कृत्य गुन्हा कधी ठरले आणि कोणी ठरवले, इथून सुरुवात करावी.

१९२३ साली आपल्याच शहरात राष्ट्रीय झेंडा हाती घेऊन सिव्हिल लाइन्स या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीकडे जाण्यास मनाई होती. तो हुकूम मोडून झेंडा सत्याग्रह करणारे हजाराहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. ही पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या माणसाने त्या वर्षीचे कैद्यांचे आकडे पाहिले, तर नागपुरात गुन्हे वाढले असेच तो म्हणेल.

इथे निदान कृत्य तरी घडले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र जन्मालाच गुन्हा मानले. जमात एकदा जाहीर झाली की तिच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, त्यांना हजेरी द्यावी लागे आणि गावाबाहेर जाण्यासाठी पास घ्यावा लागे. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही लावता येऊ लागला. ज्यांच्यावर अहोरात्र पाळत, त्यांचीच नावे कागदावर अधिक येणार आणि त्याच कागदांच्या आधारे पाळत योग्य ठरणार, हे चक्र नीट समजून घेणे मला या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत राहिले, मुंबई राज्याचा १९५९ साली झाला, आणि त्यांतून या जमातींवरचा संशय टिकून राहिला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, तुरुंगातील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवताना, विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये असेही पोलिसांना बजावावे लागले. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, जातीचे दाखले, घरकुले यांचा विचार करणारे धोरण हा इतिहास वगळून आखले, तर पारधी या अशाच एका जमातीच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, राहणाऱ्या मुलाला कागदपत्रे का मिळत नाहीत, हे त्याला उमगणारच नाही.

आजचे आकडे वापरतानाही मोजणीची रीत आधी पाहावी. राष्ट्रीय आकडेवारीत एकाच प्रथम खबरी अहवालात (एफआयआरमध्ये) खून आणि चोरी असे दोन्ही गुन्हे असले, तर फक्त खून मोजला जातो.

प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर झेंडा सत्याग्रह घ्यावा, असे मी सुचवीन. नागपूरच्या पुराभिलेखागारात जाऊन त्या काळातील पोलीस आणि न्याय खात्यांच्या फायली मागाव्यात, सोबत नागपूरच्या 'महाराष्ट्र' या वृत्तपत्राचे तेव्हाचे अंक वाचावेत आणि एकाच अटकेचे वर्णन दोन्हीकडे कोणत्या शब्दांत केले आहे, ते समोरासमोर उतरवून काढावे.