जूनमध्ये आई-बाबा म्युनिकला येत आहेत. दोघंही साठीच्या पुढचे, आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती शाकाहारी आहे. मला स्वतःला जरा दमवणारा ट्रेकही हवाय. पार्टनाखक्लाम, होलेनटालक्लाम (क्लाम म्हणजे अरुंद घळ) की आणखी कुठली घळ? सह्याद्रीतला अनुभव आहे, पण आल्प्समध्ये पहिल्यांदाच.

तुम्ही दोन प्रश्न एकात घातलेत, म्हणून आधी ते वेगळे करतो. आई-बाबा (दोघंही साठीच्या पुढे, आईचे गुडघे कुरकुरणारे) सोबत असतील तो दिवस वेगळा, आणि तुम्हाला एकट्याला ‘जरा दमवणारा’ ट्रेक हवाय तो दिवस वेगळा. दोन्ही एकाच दिवसात बसवायला गेलात तर आई पायथ्याच्या बाकावर बसून राहील आणि तुम्ही वर जाऊन घड्याळ बघत बसाल.

थोडक्यात सांगायचं तर आई-बाबांना पार्टनाखक्लाम दाखवा आणि होलेनटालक्लामला तुम्ही एकटे किंवा मित्रांबरोबर जा. एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की करा. इथे घळ फोटोवरून किंवा लांबीवरून ठरवायची नसते. तिथलं पाणी त्या आठवड्यात कसं आहे आणि घळ संपल्यावर बाहेर पडायची वाट कशी आहे, यावरून ठरवायची. एक किलोमीटरची घळ चालायला कुणालाही जमते. प्रश्न येतो तो वरच्या टोकाला पोचल्यावर आता पुढे काय, याचा.

पार्टनाखक्लाम गार्मिश-पार्टेनकिर्शेनला आहे. म्युनिकहून रीजनल गाडीने साधारण दीड तास. स्टेशनवरून बसने किंवा चालत ऑलिंपिक स्की स्टेडियमपर्यंत जायचं. 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं हे स्टेडियम, बाबांना खेळात रस असेल तर तिथला स्की-जंपचा उतार खालून बघूनच त्यांच्या पोटात गोळा येईल. तिथून घळीच्या तोंडापर्यंत सपाट डांबरी रस्ता आहे, वीस-पंचवीस मिनिटांचा. त्या रस्त्यावर घोडागाडी चालते. आईला घोडागाडीत बसवा, उगाच स्वाभिमान आड येऊ देऊ नका. गुडघे आतल्या वाटेसाठी राखून ठेवायचेत.

घळ साधारण 700 मीटर लांब आणि काही ठिकाणी 80 मीटर खोल आहे. 1912 पासून ती संरक्षित निसर्गस्मारक आहे. आत वाट कातळात कोरलेली आहे, एका बाजूला कठडा आणि ओला लोखंडी दोर, मध्ये मध्ये अंधारे बोगदे. काही बोगद्यांचं छत इतकं खाली आहे की उंच जर्मन मंडळी कंबरेत वाकून चालतात आणि आपले साडेपाच फुटी बाबा ताठ मानेने पुढे निघतात. छतातून पाणी सारखं टपकत असतं, कधी थेंब तर कधी सरळ धार. छत्री आत निरुपयोगी, अरुंद वाटेत समोरच्याच्या डोळ्यात जाते. टोपीचं जॅकेट घ्या. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी आत गारठा असतो, आईला साडीवर नेणार असाल तर स्वेटर आणि पँटच बरी. साडीचा काठ पहिल्या पाच मिनिटांत भिजतो.

ही घळ एवढी अरुंद का, हे कळलं की बघायला जास्त मजा येते. पार्टनाख नदी इथे कठीण चुनखडीच्या थरातून जाते. त्या थराच्या वरच्या अंगाला मऊ, ठिसूळ थर आहेत, तिथे नदीने ऐसपैस दरी खणली. चुनखडी लागल्यावर तिला रुंद व्हायला जमलं नाही, म्हणून ती खालीच कापत गेली. आत शिरताना हे समजत नाही, पण वरच्या टोकाला बाहेर पडल्यावर एकदम मोकळं कुरण दिसतं आणि तोच आवाज करणारा प्रवाह गोट्यांवरून निवांत वाहताना दिसतो. तुम्ही सांदण दरी केली असेल तर तुलना मनात येणारच. सांदण बेसॉल्टमधली, आणि तिथे आपण पाऊस संपल्यावर, पाणी ओसरल्यावर उतरतो. इथे गणित उलटं आहे, लोक घळीत जातात तेच मुळी वरचं बर्फ वितळून नदी भरलेली असताना.

पूर्वी या घळीतून सरपणाचे ओंडके वाहत सोडायचे. वरच्या जंगलात तोडायचे, प्रवाहात टाकायचे, खाली गावाजवळ गोळा करायचे. अडकलेले ओंडके सुटे करायला माणसांना खाली उतरावं लागे. आज तिकीट काढून कठडा धरून चालताना त्या माणसांची आठवण ठेवलेली बरी. 1991 मध्ये इथे मोठी दरड कोसळली आणि जुनी वाट गाडली गेली, म्हणून त्या भागात नवा बोगदा खोदलाय. दरवर्षी वसंतात घळीतलं बर्फ वितळताना दगड सुटतात तेव्हा घळ बंद ठेवतात. जूनमध्ये सहसा उघडी असते, पण जोरदार पावसानंतर एखाद-दोन दिवस बंद होऊ शकते. निघायच्या दिवशी सकाळी घळीच्या संकेतस्थळावर बघा, आदल्या रात्री बघून उपयोग नाही.

आता बाहेर पडायची वाट. वरच्या टोकावरून तीन पर्याय आहेत. आल्या वाटेने परत, म्हणजे गुडघ्यांना त्रास सगळ्यात कमी. दुसरा, वर ग्रासएकच्या वस्तीकडे चढ आणि तिथून खाली. तिसरा, आणखी वर एकबाउअर नावाच्या माथ्यावर, म्हणजे 1237 मीटरवर, आणि तिथून केबल-कारने थेट स्टेडियमपाशी. तिसरा फार सुरेख आहे, वरून समोर वेटरश्टाइन डोंगररांगेची सगळी भिंत दिसते, पण घळीनंतर सव्वा-दीड तासाचा खडा चढ आहे. बाबा रोज टेकडी चढणारे असतील तर करतील. आईसाठी दोनदा विचार करा. बरेच लोक याच्या उलट करतात, केबल-कारने वर जातात आणि चालत घळीकडे उतरतात. ‘उतार म्हणजे सोपं’ हा समज दुखऱ्या गुडघ्यांना फार महागात पडतो. दुखणाऱ्या गुडघ्याला चढ परवडतो, उतार नाही. तुमच्या आईच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.

आता तुमचा दिवस. होलेनटालक्लामसाठी गार्मिशजवळच्या हामर्सबाख गावातून चालायला लागायचं. तासाभराच्या जंगलातल्या चढानंतर 1045 मीटरवर घळीच्या तोंडाशी एक छोटी झोपडी लागते, तिथे तिकीट. घळ 1905 मध्ये चालणाऱ्यांसाठी खुली झाली, आणि त्या काळात सुरुंग लावून हे बोगदे खोदले असतील यावर आत गेल्यावर विश्वास बसत नाही. पार्टनाखमध्ये तुम्ही नदीच्या बाजूने चालता, इथे नदीबरोबर चढता. साधारण किलोमीटरभर पायऱ्या, बोगदे, पूल, आणि अंगावर सतत तुषार. हंगामाच्या सुरुवातीला आत हिमकड्यांवरून कोसळलेल्या बर्फाचे ढीग शिल्लक असतात. कळसूबाई 1646 मीटर, आणि त्यापेक्षा खालच्या या जागेत जूनमध्ये तुम्ही बर्फाच्या भिंतीशेजारून चालता. समुद्रसपाटीपासूनची उंची बघून ‘एवढंच?’ म्हणण्याची सह्याद्रीवाल्यांची सवय इथे सोडून द्यावी लागते.

घळ संपल्यावर 1387 मीटरवर होलेनटालांगर हट (डोंगरातलं खाण्या-राहण्याचं विश्रामगृह) आहे. जुनी पाडून 2015 मध्ये नवी बांधली, काही जुन्या लोकांना ती अजून खोक्यासारखी वाटते, मला आवडते. अंगणात बसलात की समोर त्सुगश्पिट्झचा कडा, 2962 मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर. आणि इथेच मोह होतो. शेजारच्या टेबलावरचे लोक हेल्मेट, हार्नेस लावून निघत असतात, आणि आपल्याला वाटतं, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय, हे काय मोठं? त्या वाटेवर कड्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या आहेत, त्यानंतर हिमनदी आहे, आणि हिमनदी आणि कडा यांच्यामध्ये फट आहे. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फावरचे खिळे), हार्नेस आणि दोराला अडकवायचा सेट नसेल तर हटच्या पुढे जाऊ नका. जूनमध्ये तर वर बर्फ भरपूर असतो.

परत येताना घळीतूनच उतरू नका. श्टांगनश्टाइग नावाची वाट घळीच्या वरून जाते आणि एका लोखंडी पुलावरून घळ ओलांडते. पुलावर उभं राहून सरळ खाली बघा, सत्तर-एक मीटर खाली तुम्ही सकाळी चाललेली वाट दोऱ्यासारखी दिसते. उंचीची भीती असेल तर घळच बरी. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर क्नापेनहॉयझरकडून (खाणकामगारांच्या जुन्या घरांकडून) फिरून या, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे मॉलिब्डेनम या धातूच्या खाणी होत्या.

होलेनटालबद्दल एक गंभीर गोष्ट. ऑगस्ट 2021 मध्ये मुसळधार पावसात या घळीतून पाण्याचा लोंढा आला, पूल तुटला आणि माणसं वाहून गेली. घळीत असताना तुमच्या डोक्यावरचं आकाश हातभर पट्टीएवढं दिसतं, वर पाणलोटात काय चाललंय ते कळत नाही. जून ते ऑगस्ट दुपारी गडगडाटी पाऊस हा इथला नेम आहे. सकाळी पहिल्या गाडीने निघा, दुपारी दोनच्या आत घळीचा भाग मागे टाका. अंदाजात वादळ असेल तर जायचंच नाही. त्यात शौर्य वगैरे काही नाही. दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळे ही घळ अख्खा हंगामही बंद राहू शकते, त्यामुळे हिची स्थिती जरूर तपासा.

वाटांवरच्या पाट्यांबद्दल. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि त्यात थांबे धरलेले नसतात. ढोबळ हिशेब तासाला 300 मीटर चढ, 500 मीटर उतार, सपाटीवर 4 किलोमीटर. आई-बाबांबरोबर पाटीवरच्या वेळेची दीडपट धरा, फोटो धरून दुप्पट. रंगाचा ठिपका निळा असेल तर सोपी वाट, लाल मध्यम, काळा अवघड. लाल वाट आपल्या हिशेबाने राजगडाच्या गुंजवणे दरवाजाच्या वाटेसारखी धरा, काळीला तुमचा अनुभव कमी पडू शकतो. बुटांचं म्हणाल तर ॲक्शनच्या बुटांवर सह्याद्री पालथा घातलेल्यांनीही इथे जाड, खोल खाचांचा सोल घ्यावा. हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली ओली चुनखडी बेसॉल्टसारखी पाय धरत नाही.

बाकीच्या घळी पटकन. मिटेनवाल्डजवळची लॉयटाशची घळ ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून आहे. तिथे कड्याला लटकवलेला पोलादी मार्ग आहे आणि तो फुकट आहे. जमीन जाळीची, पायाखाली थेट दरी दिसते, कुत्री तिथे हटून बसतात आणि काही माणसंही. मुलं असतील तर उत्तम. ओबर्स्टडॉर्फची ब्राइटाखक्लाम सगळ्यात भव्य, सुमारे अडीच किलोमीटर, पण म्युनिकहून जाण्या-येण्यातच दिवस जातो. 1995 मध्ये तिथे दरड कोसळून नदी अडली, मागे तळं साचलं, आणि पुढच्या वसंतात ते एकदम फुटलं. त्या पाण्याची पातळी कुठवर होती याची खूण आत दाखवलेली आहे, ती मान वर करून बघावी लागते. बेर्श्तेसगाडेनकडे गेलात तर आल्मबाखक्लामच्या तोंडाशी 1683 पासूनची गिरणी आहे, पाण्याच्या जोरावर संगमरवराचे गोटे घडवणारी.

वाटेत गाई लागतील. आईला त्यांच्या गळ्यातल्या घंटांचं कौतुक वाटेल आणि ती हात लावायला जाईल. वासरू जवळ असेल तर तिला आवरा, इथल्या कुरणावरच्या गाई आपल्या गोठ्यातल्या नव्हेत, माणसांवर धावून गेल्याचे प्रकार दरवर्षी होतात. वळसा घालून जा. काही झालंच तर 112 हा आपत्कालीन नंबर. फोन लागला नाही तर शिट्टी किंवा टॉर्च, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

रेल्वेसाठी तिघांचं मिळून बायर्न-टिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, त्या राज्याचं दिवसभराचं तिकीट) काढा, एका तिकिटावर पाच जण जातात, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही. म्हणजे आई-बाबांच्या दिवसाला चालेल, होलेनटालच्या पहिल्या गाडीला नाही. तुमच्याकडे डॉइचलांड-टिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर प्रश्नच मिटला. हटवर रोख पैसे ठेवा.

राहिलं खाणं, कारण तुम्ही लिहिलंय की आई शाकाहारी आहे. हटवर मसुराचं सूप मिळतं, पण त्यात सॉसेजचा तुकडा किंवा डुकराच्या चरबीची फोडणी असते, आधी विचारा. चीज घातलेले श्पेत्झ्ल (मैद्याच्या जाड शेवया) चालतील, त्यात अंडं असतं. कायझरश्मार्नमध्येही (गोड पॅनकेकचे तुकडे) अंडं असतं, कधी बेदाणे रममध्ये भिजवलेले. अंडं अजिबात चालत नसेल तर ब्रेड-चीज आणि ताक मागा. ताक इथे सरळ बुटरमिल्श म्हणून मिळतं, घट्ट आणि आंबट, जिरं-मीठ घरून पुडीत न्या. आणि ठेपले न्यायचे असतील तर हटच्या टेबलावर उघडू नका, बाहेर कुरणावरच्या बाकावर बसून खा, मग आत येऊन कॉफी घ्या. मालकिणी याबाबत कडक असतात.