वाट विचारताना: तळ्याकाठच्या वाडीत एक दिवस

प्रश्न : ताई, मी आणि आमचे हे, दोघंही साठी ओलांडलेले. जानेवारीत कुडाळला नात्यातलं लग्न आहे. आदल्या दिवशी पहाटे सावंतवाडीला उतरायचं, दिवसभर तिथेच हिंडायचं आणि संध्याकाळी कुडाळ गाठायचं, असा विचार आहे. घरातली मुलं म्हणतात, सावंतवाडीत तलावाला एक चक्कर मारली की संपलं, रिक्षा करा आणि दोन तासांत उरका. आम्हाला चालायची सवय आहे, रोज तळजाईला जातो. दिवसभर पायी बघण्याजोगं तिथे आहे का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आहे, आणि रिक्षा मुळीच करू नका. सावंतवाडी माझं माहेर, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी ‘दोन तासांत उरका’ म्हटलं की मला राहवत नाही. तलाव बघून होतो, ते खरं आहे. पण या गावात अजून हातांनी वस्तू घडतात. ते हात बघायचे तर रिक्षा काय कामाची?

आधी पोचण्याचं बघू. स्वारगेटहून रात्रीच्या गाडीत बसलात की कोल्हापूर, मग आंबोली घाट आणि पहाटे वाडी. (आम्ही गावाला नुसतं वाडीच म्हणतो.) खासगी गाडी असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या, ती गावात येते की झाराप-पत्रादेवीच्या नव्या रस्त्याने परस्पर गोव्याकडे जाते. त्या रस्त्यावर अंधारात सामानासकट उतरायची पाळी येऊ देऊ नका. रेल्वेने गेलात तरी स्टेशन गावाबाहेर आहे. तेवढ्यापुरती रिक्षा लागेल, ती माफ.

मोती तलावावर उजाडायच्या सुमारास जा. जानेवारीत पाण्यावर धुकं असतं आणि समोर नरेंद्र डोंगर हळूहळू उघडत जातो. काठाने पूर्ण फेरी रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात होते. हा तलाव गावाच्या अगदी मधोमध आहे. शाळा, बाजार, राजवाडा, बागा सगळं त्याच्याच कडेने वसलंय, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. गणपतींचं विसर्जनही याच पाण्यात होतं. एका बाजूला जनरल जगन्नाथराव भोसल्यांच्या नावाची बाग आहे. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव याच मुलखातले. केशवसुत कट्ट्यावर सकाळी फिरायला आलेली माणसं टेकलेली असतात, त्यांच्याजवळ बसा. ‘खंय चललात?’ (कुठे निघालात?) असं नक्की कुणीतरी विचारेल. त्याला गावाबद्दल काय विचारायचं ते विचारा. माझ्या या पानापेक्षा ताजी माहिती मिळेल.

न्याहारीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी घ्या. मऊ, जाळीदार, तव्यावरून थेट पानात. मग राजवाडा.

वाडीचे राजे खेमसावंत तिसरे यांची कारकीर्द 1755 ते 1803, राजवाडा त्यांच्या काळातला. जांभ्या चिऱ्याचं लालसर बांधकाम आहे. काही भागात आता पाहुण्यांची राहण्याची सोय केली आहे, आणि दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. मुलं ज्या दोन तासांत सगळं गाव उरकायला सांगतात, ते दोन तास तुम्ही इथेच द्या.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात 120 पानं असतात: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान करत, त्यावर खडूचा थर देऊन दगडाने घोटत, मग रंग आणि लाख. हे काम जवळजवळ बंद पडलं होतं. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठलं, सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडे बसून शिकल्या आणि 1970च्या दशकात ही कला पुन्हा उभी राहिली. आज तुम्हाला तिथे जे दिसतं ते या आग्रहामुळे.

बघताना कारागिराच्या मनगटाकडे बघा. मत्स्याच्या अंगावरचे खवले काढताना हात टेकलेला असतो, फक्त बोटांची टोकं हलतात आणि कुंचल्याचे मोजके केस पानाला टेकतात न टेकतात. आधी कडेचं वर्तुळ, मग आतली आकृती, शेवटी दागिन्यांचे पांढरे ठिपके. एक ठिपका मोठा पडला तर सगळा मुकुट बिघडतो. काम चालू असताना बोलू नका, हात थांबला की विचारा. फार आपुलकीने सांगतात. पूर्ण संच महाग वाटला तर सुटी पानं मिळतात का बघा. पण किंमत पाडून मागू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. राजवाड्याच्या वेळा मात्र सकाळी आधी विचारून ठेवा, दुपारी दार बंद आढळलं तर दिवसाची सगळी आखणी बिघडेल.

तिथून चितार आळी. लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या, भातुकली यांची दुकानं ओळीने आहेत. तुमच्या लहानपणी रुखवतात मांडलेली लाकडी केळी-आंबे पाहिले असतील, ते बहुतेक इथलेच. खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. वजनाला हलकं आणि कोरायला मऊ. एखादं वांगं हातात घेऊन तोलून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणते ते. सीताफळ उचला आणि त्याचे डोळे निरखा, प्रत्येक फुगवट्याच्या खाचेत रंगाची गडद छटा वेगळी भरलेली असते. हल्ली याच दुकानांतून बाहेरगावचा प्लॅस्टिकचा मालही दिसतो. तेव्हा ‘हे वाडीतलंच का?’ असं सरळ विचारा. दुकानदाराला राग येत नाही, उलट तो आतून चांगली वस्तू काढून दाखवतो. लग्नाला चालला आहात, आहेरासाठी याहून चांगलं काय शोधणार?

बारानंतर जानेवारीतसुद्धा दमट उकाडा जाणवतो. तळजाईची सवय असली तरी त्या हवेत चालू नका. खानावळीत शाकाहारी ताट मिळतं. खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) असेल तर ते आधी मागा. वाल किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि शेवटी सोलकढी. ओल्या काजूगरांची उसळ फाल्गुन-चैत्रातली, जानेवारीत ती मिळण्याची आशा कमी. जेवून तलावाकाठी झाडाच्या सावलीत तासभर पाठ टेका.

नरेंद्र डोंगर चढायचा असेल तर उन्हं उतरल्यावर. वर मारुतीचं देऊळ आहे, वाटेवर दाट झाडी आणि पक्षी. गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या; त्याऐवजी गावातल्या जुन्या आळ्यांतून हिंडा, कौलारू घरं आणि परसातले माड-पोफळी बघत.

आणखी एक. कार्तिकानंतर आसपासच्या गावांतून जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतारी नाटकं रंगतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ‘आज खंय जत्रा आसा?’ एवढं विचारून बघा. सकाळी गंजिफ्यावर पाहिलेले अवतार रात्री पेट्रोमॅक्सच्या किंवा दिव्यांच्या उजेडात तोंडाला रंग लावून समोर उभे राहतात, संकासूर पोरांना हसवतो, आणि पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते. जत्रा कुडाळच्या वाटेवरच असली तर यजमानांना फोन करून उशिरा येतो म्हणून कळवा. नसली, तर कुडाळला एसटी सतत असतात, अंतरही फार नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. तिला चालत एखादं तळं दाखवायचं आहे, पण सुट्टी एकच दिवस आणि पुण्याबाहेर जाणं जमणार नाही.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : तुमच्या दारातच आहे की! कात्रजचा तलाव दाखवा, पण तिथे थांबू नका, त्याचं पाणी कुठे जात होतं तेही दाखवा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्यावर बांध घालून तो करवून घेतला. तिथून जमिनीखालच्या बांधीव नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत येत असे. मध्ये मध्ये हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास बांधले होते.

सकाळी कात्रजला तलाव बघा. मधला सातारा रस्ता चालण्यालायक नाही, तो पीएमपीच्या बसने करा आणि स्वारगेटला उतरून सारसबागेत चालत जा. तिथला गणपती ‘तळ्यातला’ का म्हणवतो, हे मुलीला आधी सांगू नका, तिलाच विचारा. आज जिथे हिरवळ आहे तिथे पूर्वी पाणी होतं आणि मधल्या बेटावर देऊळ. मग पेठेत शिरा आणि काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद यांच्या जागा हुडका. जुन्या दुकानदारांना विचारत गेलात तर तिला फार मजा येईल. सोबत कागद-पेन्सिल द्या. डोंगरापासून वाड्यापर्यंतच्या पाण्याच्या वाटेचा नकाशा तिचा तिने काढू दे.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय त्याच दिवशी जोडणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.