खेळता खेळता नियम बदलताना

अरे, तू स्वतः लिहितोयस त्या टेबलावर खेळायच्या गेमचे नियम सुधारताना पहिली गोष्ट म्हणजे सेशन, म्हणजे खेळाची बैठक, चालू असताना नियम खोडत बसू नकोस, अडलं तर त्या क्षणापुरता निर्णय दे, वहीत एक ओळ टाक आणि पुढे जा, एडिटिंग दुसऱ्या दिवशी. आणि एका वेळी एकच नियम बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

आकड्यांना हात लावण्याआधी गणित करच. दोन सहा-बाजूंच्या फाशांची बेरीज 7 किंवा जास्त यायची शक्यता साधारण 58 टक्के, तेच टार्गेट 8 केलंस की थेट 42 वर येते, म्हणजे एकाच आकड्यात केवढा फरक बघ! वीस-बाजूंच्या फाशावर मात्र प्रत्येक आकड्याला सरळ 5 टक्केच, त्यामुळे तिथे +1 चा बोनस फारसा जाणवत नाही.

प्लेअर्स उपाय सुचवतील, ते ऐक, पण त्यांना नेमकं कुठे कंटाळा आला, कुठे पानं उलटावी लागली हे जास्त महत्त्वाचं, माझ्या मते खरी माहिती तिथेच असते. फाइलच्या नावात तारीख टाक, जुनी व्हर्जन उडवू नकोस.

शेवटी तू टेबलावर नसताना दुसऱ्या कुणाला तरी फक्त लिहिलेल्यावरून गेम चालवू दे.